अंतुले खटला : कलम १४ ची दुहेरी धार

सिमेंटची पोती कोट्यावर मिळत तो काळ. बिल्डरांच्या देणग्या अंतुल्यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला आणि सिमेंटचा कोटा बिल्डरांना, या देवघेवीवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये बोट ठेवले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले पायउतार झाले.

खरी कायदेशीर लढाई पुढे, त्यांच्यावरील भ्रष्टाचाराच्या खटल्यात झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरवले : ज्या पदाच्या गैरवापराचा आरोप आहे ते पद सुटले, की खटल्यासाठी पूर्वमंजुरी लागत नाही. सत्तेची ढाल गळून पडली, हे योग्यच झाले. याच निकालाने खटला विशेष न्यायाधीशाकडून थेट उच्च न्यायालयाकडे नेला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ते वर्ग करणे रद्द केले. इतर आरोपींना मिळणारा अपिलाचा एक टप्पा अंतुल्यांनाच नाकारला, तर संविधानाच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) चा भंग होतो, असे न्यायालयाने म्हटले.

बड्या आरोपीला सवलत नको, तसा वेगळा जाचही नको. माझ्या मते १९८८ चा निकाल म्हणूनच मोलाचा आहे. आपली चूक न्यायालयाने स्वतःच दुरुस्त केली.