एकच माणूस, दोन कामं: सोशल मीडियावर कम्युनिटी आणि मार्केटिंग

गेल्या वेळी वेळ संपली म्हणून एक प्रश्न मागे ठेवावा लागला होता. ‘आमच्याकडे सोशल मीडिया बघायला एकच माणूस आहे. त्यानं मार्केटिंग करायचं की कम्युनिटी सांभाळायची?’ आज तिथूनच सुरुवात करू.

मार्केटिंगमध्ये आपण बोलतो, लोकांनी ऐकावं अशी अपेक्षा असते. कम्युनिटी सांभाळणं म्हणजे लोकांचं ऐकणं. तक्रारीला उत्तर देणं, नव्या माणसाला सामावून घेणं, वाद पेटला तर मध्ये पडणं. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगवेगळे विभाग असतात. पण ग्राहकाला विभाग दिसत नाहीत, त्याला एकच खातं दिसतं.

समजा, दिवाळीचा फराळ विकणारा एखादा बचत गट आहे. सकाळी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकूंनी लिहिलं, ‘चकल्या मऊ पडल्या हो.’ उत्तर कुणीच दिलं नाही. आणि दुपारी त्याच्याच खाली आलं, ‘कुरकुरीत चकल्या, आजच मागवा!’ तुम्ही हसताय, पण हे रोज होतं. जाहिरात आधीच तयार असते, ती ठरल्या वेळी जाते. काकूंचा मेसेज मात्र कुणीतरी वाचावा लागतो.

सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेत याचंच एक गंभीर रूप दिसलं. मारहाण करणाऱ्या जोडीदाराबरोबर आपण का राहिलो, हे बायका ट्विटरवर ‘व्हाय आय स्टेड’ या हॅशटॅगखाली सांगत होत्या. डिजॉर्नो या पिझ्झा ब्रँडच्या खात्यानं हॅशटॅग गाजतोय एवढंच पाहिलं आणि त्यावर पिझ्झाचा विनोद टाकला. चूक कळताच ट्विट काढलं, हॅशटॅग कशाबद्दल आहे हे वाचलंच नव्हतं अशी कबुली दिली, आणि मग दुखावलेल्या लोकांची एकेकाला उत्तर देऊन माफी मागितली. म्हणजे ऐकण्याचं काम शेवटी करावंच लागलं, फक्त उशिरा.

आता उलट बाजू बघा. सुरेश प्रभू 2014 ते 2017 रेल्वेमंत्री होते, तेव्हा गाडीतून प्रवासी थेट ट्विट करायचे. तान्ह्या बाळाला दूध हवंय, कुणी त्रास देतंय. निरोप त्या त्या विभागाच्या अधिकाऱ्यांकडे जायचा आणि पुढच्या स्टेशनवर मदत यायची. त्याच्या बातम्या झाल्या. रेल्वेला अशी प्रसिद्धी पैसे मोजून मिळाली नसती. मात्र ती ट्विटच्या गोड भाषेमुळे मिळाली नाही हं! प्लॅटफॉर्मवर दूध घेऊन उभा राहणारा माणूस होता म्हणून मिळाली.

त्यामुळे आमचं मत असं, की दोन्ही कामं एका माणसाकडे द्यायला हरकत नाही. उलट ज्यानं सकाळी तक्रारी वाचल्यात, तो दुपारची जाहिरात जास्त शहाणपणानं लिहील. अडचण येते ती मोजमापात. पोस्ट किती जणांनी पाहिली हा आकडा आपोआप समोर येतो. उत्तर मिळाल्यामुळे सोडून न गेलेली गिऱ्हाईकं कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. महिनाअखेरीला साहेब आकडेच विचारणार, मग तो माणूस हळूहळू नुसता जाहिरातवाला होतो. दोष त्याचा नाही.

म्हणून त्याच्या अहवालात ‘किती प्रश्नांना उत्तर दिलं, किती राहिले’ हा रकाना पहिला ठेवा. उत्तरं आधी, पोस्ट नंतर, असा दिवसाचा क्रम लावा. ठरलेली जाहिरात कुणाला न विचारता थांबवायचा अधिकार त्याला द्या, आणि मऊ चकल्या बदलून द्यायचाही. हा अधिकार नसेल तर तो नुसतं ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ चिकटवत बसेल. आणि रात्री फोन बंद करू द्या. उत्तराच्या वेळा प्रोफाइलवर लिहिल्या की लोक समजून घेतात.

दुसरा माणूस कधी नेमायचा, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. आजचे प्रश्न रोजच उद्यावर जायला लागले, की नेमा. आणि नव्या माणसाला पहिला महिना फक्त उत्तरं द्यायला बसवा.