हक्क आणि वहिवाट
(सुमती मोरारजी आणि सिंदिया कंपनी)

महसुलाच्या दफ्तराशी ज्यांचा थोडाफार संबंध आलेला आहे, त्यांना हे ठाऊक असते की जमिनीचा हक्क एकाच्या नावे लागलेला असावा आणि प्रत्यक्ष वहिवाट मात्र दुसऱ्याचीच असावी, ही गोष्ट आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. घराण्यांच्या पेढ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. कारण खुर्ची वारशाने मिळते, परंतु त्या खुर्चीचा कारभार रोज उठून स्वतःलाच करावा लागतो. जिला जन्माने हक्क नव्हता आणि विवाहानेही जो केवळ नात्यापुरता प्राप्त झाला, अशा एका सुनेने एका जहाज कंपनीची वहिवाट अर्धशतकाहून अधिक काळ कशी केली, याचा हा परिचय आहे.

सुमतीबाईंचा जन्म 13 मार्च 1909 रोजी मुंबईतील एका धनाढ्य भाटिया कुटुंबात झाला. वडील मथुरादास गोकुळदास, आई प्रेमाबाई, आणि मुलीचे नाव वृंदावनाच्या नदीवरून जमुना ठेवलेले. लहान वयातच नरोत्तम मोरारजी यांचे चिरंजीव शांतिकुमार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सासरी त्यांचे नाव सुमती झाले. लग्नात मुलीचे नाव पालटण्याची चाल आपल्याही घरांना परकी नाही. फरक एवढाच की, सुबुद्ध स्त्री हा अर्थ त्या नावात होता आणि सासऱ्यांनी सुनेच्या बुद्धीवर खरोखरच भरवसा ठेवला. मोरारजी गोकुळदास यांच्या काळापासून हे घराणे कापडगिरण्यांचे. सोलापूरची जुनी गिरणीही त्यांनीच उभारलेली. जहाजांचा धंदा मात्र नरोत्तमशेठनी अंगावर घेतला.

तो घेण्यात धाडस किती होते, हे समजण्यासाठी तत्कालीन बंदरांचा हिशेब पाहावा लागतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांनी 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि त्या महाराजांच्या घराण्यावरूनच कंपनीचे नाव पडले. समोर लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी होती. या बलाढ्य कंपन्यांची रीत अशी की, जो व्यापारी आपला सर्व माल त्यांच्याच जहाजांनी पाठवील त्याला नुराचा, म्हणजे जहाजभाड्याचा, काही भाग काही महिन्यांनी परत मिळे, पण मध्येच त्याने एक खेपही दुसऱ्याच्या जहाजाने केली तर ती जमलेली सूट बुडे. त्यावर पुन्हा नवख्या कंपनीचा श्वास कोंडावा म्हणून नुराचे दर एकाएकी उतरवले जात. अखेर 1923 साली सिंदियाला जो करार पत्करावा लागला, त्याने तिच्या जहाजांचा टनभार आणि समुद्रमार्ग या दोहोंनाही कुंपण घातले. ‘लॉयल्टी’ तर त्याच सुमारास मोडीत निघाली.

अशा पडत्या दिवसांत सुमतीबाई ऐन तारुण्यात कंपनीच्या व्यवस्थापक पेढीच्या कारभारात शिरल्या. 1929 साली नरोत्तमशेठ निवर्तले, कंपनीची धुरा वालचंदांच्या खांद्यावर आली, आणि सून मात्र दफ्तरात रुजतच गेली. जहाजाचा धंदा बाहेरून भव्य दिसत असला तरी आतून तो बारीकसारीक हिशेबांचा आहे. कोळसा किती जळला, जहाज गोदीत किती दिवस रखडले, परतीच्या खेपेस माल मिळाला की पोट रिकामेच राहिले, यांवर वर्षाचा नफा-तोटा ठरतो. ही विद्या ग्रंथांतून येत नाही. ती दफ्तरात बसूनच अंगी मुरवावी लागते. 1946 साली कंपनीची सूत्रे पूर्णतः त्यांच्या हाती आली, तेव्हा सहा हजारांहून अधिक माणसे त्यांच्या हाताखाली होती.

या घराच्या दिवाणखान्यात धंदा आणि देशकार्य यांच्यामध्ये भिंत नव्हती. गांधीजींशी सुमतीबाईंचा निकटचा परिचय होता. 1942 नंतरच्या भूमिगत चळवळीत त्यांचा सहभाग होता, आणि मे 1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी राहिले ते जुहूला, शांतिकुमारांच्याच बंगल्यात. देशी जहाज हे ज्यांच्या दृष्टीने स्वदेशीच्या व्रताचाच भाग होते, त्यांना या दोन गोष्टी एकत्र नांदण्यात काहीच नवल वाटले नसेल.

विशाखापट्टणमच्या सिंदियाच्या गोदीत बांधलेली ‘जलउषा’ 1948 साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आली, आणि पुढे किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. इंचकेपशी झुंजण्यात ज्या पिढीचे आयुष्य खर्ची पडले, तिच्या मागणीला असे फळ आले. कोकण किनाऱ्याची बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या छत्राखाली आली, त्यामुळे शिमग्याला आणि गणपतीला बोटीने गावी जाणाऱ्या चाकरमान्याचाही या पेढीशी नकळत संबंध जडला. 1956 साली सुमतीबाई इंडियन नॅशनल स्टीमशिप ओनर्स असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. जहाजमालकांच्या अशा संघटनेचे अध्यक्षपद जगात प्रथमच एका स्त्रीकडे आले होते. 1963 पर्यंत सिंदियाच्या ताफ्यात 43 जहाजे होती आणि त्यांची भारवहनशक्ती सुमारे 5 लाख 52 हजार टन होती. 1971 साली भारत सरकारने सुमतीबाईंना पद्मविभूषण देऊन गौरविले.

तथापि आकड्यांच्या या थाटापेक्षा एका वृद्ध उतारूची हकीकत त्यांच्या स्वभावाची अधिक साक्ष देते. 1965 साली भक्तिवेदान्त स्वामी त्यांच्याकडे अमेरिकेस जाण्यासाठी जागा मागावयास आले. स्वामींचे वय सत्तरीकडे झुकलेले, थंडी परक्या मुलखातली. सुमतीबाईंनी त्यांना परोपरीने परावृत्त केले, पण स्वामी हलेनात, तेव्हा ‘जलदूत’ या मालवाहू जहाजावर त्यांची विनामूल्य सोय झाली. 13 ऑगस्टला कोलकात्याहून निघालेले ते जहाज सप्टेंबरात अमेरिकेला पोहोचले. वाटेत स्वामींना हृदयविकाराचे झटके आले, म्हणजे बाईंची भीती अनाठायी नव्हती. स्वामींनी पुढे स्थापन केलेल्या इस्कॉनची कथा सर्वांना ठाऊक आहे. नुराचा पैन् पै हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी ही एक खेप मात्र हिशेबाबाहेर ठेवली.

1980 नंतरच्या दशकात जगभरच्या जहाजधंद्यावर मंदी आली आणि सिंदिया कर्जाच्या भाराखाली वाकली. ज्या घराण्याने ती उभी केली, त्याच्या हातून तिचा कारभार सुटत गेला. 1998 साली सुमतीबाई निवर्तल्या. हा शेवट सुखाचा नाही, आणि त्याला उगाच मुलामा चढवण्याचे कारणही नाही. शेतावरची वहिवाट बांधावरून ओळखता येते, समुद्रावर मात्र जहाज पुढे गेले की पाणी पूर्ववत् मिळून जाते. ‘लॉयल्टी’ निघाली तो 5 एप्रिलचा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जमुना दहा वर्षांची होती, आणि ज्या कंपनीचे पहिले जहाज मुंबईचे बंदर सोडीत होते तिच्यावर तिचा काडीचाही हक्क नव्हता.