कंपवात आणि एका संशोधकाचे निबंध

ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत, त्यांना कंपवाताची ओळख निराळी करून द्यावयास नको. स्वस्थ बसलें असतांहि हात थरथरतो, अवयव ताठरतात, पाऊल उचलतां उचलत नाहीं, आणि मुद्रेवरील भाव हळूहळू मावळतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं सहा रोग्यांवरून या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९१९ सालीं पॅरिस येथें त्रेत्याकॉफ यांनीं मेंदूच्या तळाकडील एका काळसर भागांतील पेशी या रोगांत नष्ट होतात असें दाखविलें. परंतु मूठभर पेशी गेल्यानें सारें शरीर कां जखडावें, हें कोडें उरलेंच.

त्या कोड्याची उकल ज्या निबंधांनीं केली, त्यांत ओले होर्निकिएविच यांच्या निबंधांचें स्थान फार वरचें आहे. १९२६ सालीं ल्वूफ शहराजवळ जन्मलेल्या या संशोधकाचें वैद्यकीय शिक्षण व्हिएन्ना येथें झालें. नंतर ऑक्सफर्ड येथें ब्लाश्को यांच्या हाताखालीं काम करीत असतां डोपामिन नांवाच्या द्रव्याशीं त्यांचा संबंध आला. त्या काळीं हें द्रव्य म्हणजे दुसरीं महत्त्वाचीं द्रव्यें तयार होतांना लागणारी एक पायरी, एवढीच त्याची प्रतिष्ठा होती.

१९५७ सालीं स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनीं सशांना रेसर्पिन दिलें. हें औषध आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळांतून निघतें. त्यानें ससे निश्चेष्ट पडले. पण लेव्होडोपा हें द्रव्य टोंचतांच ते पुन्हा हालूं लागले. हें वाचून होर्निकिएविच यांच्या मनांत प्रश्न उभा राहिला: सशांत जें घडतें, तेंच कंपवाताच्या रोग्यांत घडत असेल काय?

उत्तर मृतांच्या मेंदूंतच मिळण्यासारखें होतें. हर्बर्ट एरिंगर या तरुण सहकाऱ्यासह त्यांनीं निरोगी मेंदू व कंपवातानें मेलेल्यांचे मेंदू तपासले. ज्या रासायनिक परीक्षेंत डोपामिन असल्यास गुलाबी छटा उमटते, तींत निरोगी मेंदूचा अंश गुलाबी झाला. रोग्याच्या मेंदूचा जवळजवळ रंगहीनच राहिला. उणीव नुसत्या डोळ्यांना दिसत होती! हा निबंध १९६० सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला.

रोग उणिवेचा, तर उपाय भरपाईचा, हें अनुमान साहजिक होतें. पण रक्तांतून दिलेलें डोपामिन मेंदूच्या वेशींतून आंत शिरत नाहीं. लेव्होडोपा शिरतो, आणि आंत गेल्यावर त्याचेंच डोपामिन बनतें. म्हणून १९६१ च्या जुलै महिन्यांत वाल्थर बिर्कमायर यांनीं व्हिएन्नांतील रोग्यांच्या शिरेंत लेव्होडोपा टोंचला. ज्यांना अंथरुणांत उठून बसतां येत नव्हतें ते उठून बसले; ज्यांना उभें राहतां येत नव्हतें ते उभे राहिले. हा गुण कांहीं तासच टिकला, व त्यामुळें पुष्कळ तज्ज्ञांचा विश्वास बसला नाहीं. १९६७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज कॉट्झियास यांनीं तोंडावाटें, अल्प मात्रेपासून चढवीत चढवीत औषध देऊन टिकाऊ गुण दाखविला, तेव्हां शंका मावळल्या.

होर्निकिएविच तेथेंच थांबले नाहींत. टोरांटो येथील सहकाऱ्यांसह १९८८ सालीं लिहिलेल्या निबंधांत, डोपामिनचा ऱ्हास सर्वत्र सारखा नसून मेंदूच्या एका विशिष्ट भागांत सर्वाधिक असतो, असें त्यांनीं दाखविलें. २००० सालचें नोबेल पारितोषिक कार्लसन व इतर दोघांना मिळालें. होर्निकिएविच यांचें नांव त्यांत नव्हतें. दोनशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं सह्यांचें पत्र काढून याबद्दल खेद व्यक्त केला. २०२० सालीं ते निवर्तले.

लेव्होडोपा आपल्या देशालाहि परका नाहीं. कोंकणांतील रानांत अंगाला खाज आणणारी जी खाजकुइली आढळते, तिच्या बियांत तो असतो. मद्रास येथें दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं तो तींतून वेगळा काढला होता. मात्र त्या बिया मनास येईल तशा घेणें हितावह नव्हे. मात्रा वैद्यानेंच ठरवावयाची असते. शिवाय औषध उणीव भरून काढतें, पेशींचा नाश थांबवीत नाहीं. वर्षें लोटतात तसा गुणाचा काळ आंखूड होतो व नको त्या हालचाली उद्भवतात. जो हात एके काळीं पेलाहि धरूं शकत नव्हता, तो आज कित्येक वर्षें लेखणी धरूं शकतो, हें त्या निबंधांचें फळ. पेशी वांचविण्याचें काम मात्र अजून पुढच्या संशोधकांसाठीं शिल्लक आहे.