गाढवाचं आंग बाहेर आलं तर?

मैत्रिणींनो, वीटभट्टीवर गाढवं हाकायला घरची माणसं जातात, पण त्यांना पाणी दाखवणं, चारा टाकणं बहुतेक आपल्याकडेच असतं. म्हणून दुखणं आधी आपल्याच नजरेला पडतं.

गाढव सारखं कुंथतंय आणि शेपटीखाली लालभडक, ओला गोळा दिसतोय, तर समजायचं, आंग बाहेर आलं. डॉक्टर याला गुदभ्रंश म्हणतात. आधी आतलं अस्तर तेवढं कड्यासारखं बाहेर येतं. वेळ गेला की सूज चढते, रक्त पोचत नाही, गोळा काळा पडतो. मग जनावर हाती लागणं अवघड. म्हणून उद्यावर टाकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ हा फोन लावा.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? ओझं उतरवा. गाढव सावलीत, स्वच्छ जागी बांधा, धुळीत लोळू देऊ नका. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड लहान चमचा मीठ घाला. त्या पाण्यानं गोळा हलक्या हातानं धुवा आणि धुतलेलं सुती फडकं भिजवून वर ठेवा. फडकं वाळू देऊ नका. माश्या, कुत्री, कावळे हाकत राहा. लाथ बसेल, म्हणून मागे नाही, बाजूला उभ्या राहा.

गोळा स्वतः आत ढकलू नका. आतडं फाटलं तर जीवच जातो. राख, हळद लावू नका आणि कापायचं तर नावच नको. गाढवीण नुकती व्यायली असेल, तर बाहेर आलेलं मायांग किंवा वारही असू शकते. ती ओढू नका.

डॉक्टर शेपटीच्या मुळाशी सुई देऊन भाग बधिर करतात, आंग आत बसवतात, लागलं तर टाका घालतात. धनुर्वाताच्या सुईचंही विचारा. गाढवाला तो लवकर होतो.

पण कुंथणं थांबलं नाही, तर आंग पुन्हा येतं. हगवण, जंत, कोरड्या चाऱ्यानं आणि कमी पाण्यानं अडलेली लीद, अडलेलं वेत, ही त्याची कारणं. म्हणून दिवसातून तीन-चारदा स्वच्छ पाणी दाखवा, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, गाभण गाढविणीवर ओझं लादू नका.

गाढव दुखणं लपवतं, ओरडून सांगत नाही. रोज सकाळी लीद बघायची सवय आपणच लावून घेऊ या.