वर्गमुळातून पाहिलेले वर्तुळ

कागदावर दोन टाचण्या टोचायच्या, त्यांभोवती दोऱ्याचा सैलसर फास घालायचा आणि पेन्सिलीने तो ताणून फिरवायचा, की लंबवर्तुळ तयार होते. पेन्सिल कोठेही असली, तरी दोन्ही टाचण्यांपासूनच्या तिच्या अंतरांची बेरीज कायम राहते. ग्रह अशाच मार्गाने फिरतात, असे केप्लरने १६०९ मध्ये सांगितले.

पॅरिसच्या वेधशाळेतील कॅसिनीला मात्र दुसरेच सुचले. (शनीच्या कड्यांमधील फट शोधणारा तोच हा कॅसिनी.) अंतरांच्या बेरजेऐवजी गुणाकार कायम ठेवून मिळणारा वक्र त्याने १६८० मध्ये केप्लरच्या लंबवर्तुळाच्या जागी सुचवला. आकाशात त्याला थारा मिळाला नाही; पण वक्र मोठा गमतीदार निघाला. टाचण्यांमधील अंतर २ घ्या. गुणाकार १ पेक्षा लहान असेल, तर टाचण्यांभोवती दोन सुटी अंडी मिळतात. तो बरोबर १ झाला, की अंड्यांची टोके जुळून इंग्रजी आठचा आडवा आकडा होतो. त्यापुढे भुईमुगाच्या शेंगेसारखी आकृती येते आणि २ पासून पुढे शेंगेची कंबरही नाहीशी होते. असे का व्हावे? क्ष आणि य यांचे समीकरण मांडले तर ते चौथ्या घाताचे येते; त्याकडे कितीही वेळ पाहिले तरी काही उलगडत नाही.

आता प्रतलावरील प्रत्येक बिंदू ही एक संमिश्र संख्या झ माना आणि टाचण्या १ व −१ या बिंदूंवर ठेवा. झ पासून त्यांची अंतरे |झ − १| आणि |झ + १|. गुणाकाराचे केवलमूल्य म्हणजे केवलमूल्यांचा गुणाकार. म्हणून समीकरण एवढेच उरते :

|झ² − १| = ग

झ² ला व म्हणा. |व − १| = ग हे तर १ भोवती ग त्रिज्येचे साधे वर्तुळ! कॅसिनीचा वक्र म्हणजे या वर्तुळावरील सर्व बिंदूंची वर्गमुळे.

शून्याखेरीज प्रत्येक संख्येला दोन वर्गमुळे असतात, ती शून्याच्या दोन बाजूंना समोरासमोर. ग जर १ पेक्षा लहान असेल, तर वर्तुळ शून्याला वळसा घालत नाही. दोन्ही मुळे आपापल्या बाजूला फिरतात, म्हणून अंडी दोन. ग = १ असता वर्तुळ शून्यातूनच जाते. शून्याला वर्गमूळ एकच, तेथे अंडी चिकटतात. ग आणखी वाढला, की वर्तुळ शून्याला वेढते आणि खरी मौज येथे आहे. वर्गमूळ घेताना कोन निम्मा होतो. त्यामुळे व ची एक फेरी पुरी झाली तरी झ अर्धीच फेरी करून समोरच्या बिंदूवर पोचतो. मूळ जागी यायला त्याला व ची दुसरी फेरी लागते. दोन अंड्यांचा एकसंध वक्र होतो तो असा.

तीन टाचण्या १ च्या तीन घनमुळांवर टोचून |झ³ − १| = १ हा वक्र तुम्ही काढून पाहा. किती पाकळ्या मिळतात?