दर वेळी सुईच दोषी नसते

मॉडेल हेलिकॉप्टरचं ग्लो इंजिन रुसलं की हात पहिल्यांदा जातो तो कार्ब्युरेटरच्या सुईकडे. दोन क्लिक उघडायची, एक बंद करायची, पुन्हा स्टार्टर लावायचा. माझ्या मते मैदानावर सर्वाधिक वेळ आणि इंधन याच सवयीपायी वाया जातं. सुईला हात लावायचा तो बाकी सगळं तपासून झाल्यावर.

गैरसमज: बॅटरी लावल्यावर प्लगची तार लाल झाली, म्हणजे प्लग ठणठणीत.

ग्लो प्लगमध्ये ठिणगी नसतेच. दीड व्होल्टची बॅटरी फक्त इंजिन सुरू होईपर्यंत लागते. ती काढल्यावर तार तापलेली राहते ती सिलिंडरमधल्या दाबाच्या आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे, आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथेनॉलची जी रासायनिक क्रिया चालू राहते तिच्यामुळे. अमेरिकेत रे आर्डेन यांनी 1947 च्या सुमारास असे प्लग बाजारात आणले आणि मॉडेल विमानांवरचं इग्निशन कॉइलचं ओझं उतरलं. जुन्या प्लगची तार मळते, खरखरीत होते. बॅटरीवर ती लालभडक दिसते, पण प्लॅटिनमचा गुण मंदावलेला असतो. बॅटरी जोडलेली असताना इंजिन सुरेख चालतं आणि काढताच फेरे पडतात, हे त्याचं लक्षण. नवा प्लग लावून पाहणं हा सर्वांत स्वस्त प्रयोग.

गैरसमज: धूर निघतोय, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

उलट, धूर नसेल तर काळजी करावी. या इंधनात मेथेनॉल आणि नायट्रोमिथेनबरोबर साधारण पाचवा हिस्सा तेल असतं. पांढरी शेपटी त्याचीच. मिश्रण लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, की तेलही कमी पोचतं. गंमत अशी की लीन इंजिन आधी जोमदार वाटतं आणि मग तापून एकदम ढेपाळतं. विमानाच्या इंजिनाला प्रोपेलरचा वारा मिळतो. हेलिकॉप्टरचं इंजिन मात्र सांगाड्यात कोंडलेलं असतं, सगळी भिस्त छोट्या पंख्यावर आणि त्याच्या आवरणावर. उतरवून इंजिन बंद केल्यावर मागच्या झाकणीला हलकेच बोट लावून पाहावं. चटक्याने ते लगेच मागे घ्यावं लागलं, तर इंजिन लीन चालत होतं.

गैरसमज: टाकी अर्धी झाल्यावर इंजिनाचा सूर बदलतो, म्हणजे सुई ढिली आहे.

असेलही, पण बहुतेक वेळा कुठेतरी हवा घुसत असते. टाकीतल्या सिलिकॉन नळीला क्लंकजवळ, म्हणजे तिच्या टोकाच्या वजनाजवळ, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. जोवर ते इंधनात बुडालेलं असतं तोवर सगळं ठीक. पातळी खाली गेली की नळी इंधनाबरोबर हवाही ओढते. ती नळी टाकीतून काढून तिचं एक टोक बंद करावं, पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून फुंकावं. बुडबुडे चोर दाखवतात. टाकीबाहेरच्या नळ्या आणि मफलरकडून येणारी दाबाची नळी आधीच पाहून घ्यावी, ते मिनिटाचं काम.

गैरसमज: वर चढताना रोटर मंदावला, म्हणजे इंजिनात दम नाही.

इथे विमान उडवणारे हमखास फसतात. हेलिकॉप्टरची एकच काठी थ्रॉटल आणि पात्यांचा पिच (कोन) दोन्ही हलवते. ट्रान्समीटरमध्ये पिच जास्त आणि थ्रॉटल कमी ठेवला असेल, तर निरोगी इंजिनही दबेल.

एवढं झाल्यावरच सुई. मंद गतीच्या सुईसाठी थ्रॉटल होल्ड, म्हणजे थ्रॉटल एका जागी रोखणारा स्विच, लावावा, रोटरचं डोकं घट्ट धरावं आणि कार्ब्युरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबावी. वेग किंचित वाढून इंजिन बंद पडलं तर जुळणी बरोबर. वेग बराच वाढत गेला तर मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, सुई थोडी आत घ्यावी. वेग न वाढता लगेच बंद पडलं तर लीन, थोडी बाहेर.