पाच मिनिटांचं आकाश

मे महिन्यात दिवसभर तापलेल्या भिंतीजवळून संध्याकाळी गेलं, की हात न लावताही धग जाणवते. ती धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच. आपलं शरीरही तो अखंड फेकत असतं; त्याच्या लहरीची लांबी साधारण 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वस्तू जितकी थंड, तितकी लहर लांब. ताऱ्यांमधली धूळ उणे 240 अंशांच्या आसपास गारठलेली असते, तरी तीही 100 मायक्रॉनच्या आगेमागे उजळते. आणि विश्वाच्या बाळपणाची जी ऊब अजून सगळीकडे भरून राहिली आहे, ती निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पावणेतीन अंश वर. तिच्या लहरी मिलिमीटरभर लांब!

हवेतली वाफ यातला बराचसा प्रकाश वरच्यावर पिऊन टाकते. म्हणून वर जायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मीटरभर व्यासाची दुर्बीण हैदराबादेहून बलूनला टांगून तीसेक किलोमीटरवर नेली आणि तारे जन्माला घालणारे ढग तासन्‌तास न्याहाळले. पण विश्वाची ती मंद ऊब मोजायची, तर तिथली उरलीसुरली हवाही आड येते, कारण ती स्वतः उजळत असते. रॉकेट हवा पार मागे टाकतं. मात्र ते वर जातं आणि खाली येतं. हाती लागतात पाचएक मिनिटं.

त्यातही खरी अडचण दुर्बिणीचीच. हातात पेट्रोमॅक्स धरून काजवा शोधावा, तशी तिची गत. आरसा, नळी, झाकण, सगळंच आपापल्या उबेने झगमगत असतं. म्हणून अख्खं उपकरण द्रवरूप हेलियममध्ये बसवतात. हेलियम उकळतं उणे 269 अंशांना, पण तेवढी थंडीही पुरत नाही. इथे आपल्या माठाची युक्ती कामी येते: पाणी झिरपून उडत जातं आणि मागे उरलेलं गार होतं. हेलियमची वाफ ओढून घेतली, की उरलेलं हेलियम निरपेक्ष शून्याच्या वर दोन अंशांच्याही (म्हणजे दोन केल्विनच्याही) खाली उतरतं. प्रकाश टिपणारा बोलोमीटर तर अर्ध्या केल्विनहून थंड ठेवतात. हवा संपली की वरचं झाकण उघडतं, आणि बर्फाहून शेकडो अंश थंड अशा त्या डोळ्यासमोर आकाश येतं.

फसगतही ठरलेली. फेब्रुवारी 1987 मध्ये जपानमधल्या उचिनौरा इथून नागोया आणि बर्कली विद्यापीठांचं उपकरण रॉकेटवरून झेपावलं. त्यात मिलिमीटरहून आखूड लहरींमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त प्रकाश दिसला. सिद्धान्तकारांची झोप उडाली. त्या जादा उजेडाचा उगम सांगणारे निबंधांमागून निबंध आले. पण तो उजेड आकाशातला नव्हताच. मला त्या चमूबद्दल आदरच वाटतो. इतक्या थोड्या वेळात आकाशाची ऊब कुठली आणि घरची कुठली, हे वेगळं काढणं फार कठीण काम आहे.

निवाडा झाला 1990 च्या जानेवारीत. विश्वाची हीच ऊब मोजायला नोव्हेंबर 1989 मध्ये निघालेल्या कोबे उपग्रहाच्या पहिल्या नऊ मिनिटांच्या नोंदींचा आलेख त्या चमूतले शास्त्रज्ञ जॉन मॅदर यांनी पडद्यावर दाखवला, तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. त्या उबेचं तपमान निघालं 2.735 केल्विन.

त्यानंतर आठवडाभरातच, 20 जानेवारीला, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून आणखी एक रॉकेट उडालं. व्हँकूवरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले हर्ब गश वर्षानुवर्षं या एकाच मोजणीच्या मागे होते. त्यांच्या उपकरणाला दोन तोंडं होती. एकात आकाशाचा प्रकाश शिरायचा, दुसऱ्यात नेमक्या माहितीच्या तपमानाला ठेवलेल्या काळ्या वस्तूचा. वाण्याच्या तराजूत एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजन, तसं. दोन्हींतला फरक तेवढा नोंदला जायचा, त्यामुळे दोघांना सारखेच लागू पडणारे दोष बरेचसे आपसूक वजा व्हायचे. पाचएक मिनिटांत मोजणी उरकली. आकाशाचा वर्णपट आदर्श कृष्णिकेच्या, म्हणजे पूर्ण काळ्या वस्तूच्या, वक्ररेषेवर चपखल बसला, जादा उजेडाचा मागमूसही नाही. आणि अनिश्चितता कोबेच्या त्या पहिल्या आकड्यापेक्षाही कमी.

गश यांचा आकडा होता 2.736.